फ्रँक जॉन्सन (अलाबामा): ‘डिस्ट्रिक्ट जज’ म्हणजे आपला जिल्हा न्यायाधीश का? निकाल कोणत्या क्रमाने वाचावेत?

गोदाकाठ_नांदेड यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. एलएल.एम.च्या प्रबंधाचा विषय आहे, ‘सरकारी संस्थांवर न्यायालयाची देखरेख’. मार्गदर्शकांनी अमेरिकेतले न्यायाधीश फ्रँक एम. जॉन्सन यांचे निकाल वाचायला सांगितलेत. अडचणी अशा आहेत.

एक म्हणजे, सगळीकडे त्यांचा उल्लेख ‘डिस्ट्रिक्ट जज’ असा आहे. मग जिल्हा कोर्टाचा न्यायाधीश राज्याचा कायदा घटनाबाह्य कसा ठरवतो? आपल्याकडे डीजे-१ (जिल्हा न्यायाधीश-१) साहेबांनी असं केलं तर ते चालेल का? दुसरं, त्यांच्या नावावर इतके निकाल सांगितले जातात की सुरुवात कुठून करावी तेच समजत नाही. बस बहिष्काराचा निकाल त्यांचा, सेल्माच्या मोर्चाचा त्यांचा, वेड्यांच्या इस्पितळाचाही त्यांचाच. तिसरं, सुप्रीम कोर्टाने त्यांना कधी उलटवलं की नाही? फक्त कौतुक लिहून व्हायवा (तोंडी परीक्षा) निघणार नाही.

---

परभणी_वकील:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी नीट समजून घ्या. ते चुकलं तर सगळा प्रबंध चुकेल.

‘डिस्ट्रिक्ट जज’चं ‘जिल्हा न्यायाधीश’ असं भाषांतर करू नका. अमेरिकेत कोर्टांच्या दोन वेगळ्या उतरंडी आहेत, राज्याची एक आणि संघराज्याची एक. संघराज्याच्या उतरंडीत सगळ्यात खालचं, म्हणजे पुरावा नोंदवणारं कोर्ट ते फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्ट. अशी ९४ कोर्टं आहेत. एकट्या अलाबामात तीन आहेत, नॉर्दर्न, मिडल आणि सदर्न. जॉन्सन मिडल डिस्ट्रिक्टचे, मुक्काम मॉन्टगोमेरी. नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतो, मंजुरी सिनेट देते, आणि निवृत्तीचं वय नाही. घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदातले शब्द आहेत ‘वर्तन चांगलं असेपर्यंत’. काढायचं तर महाभियोगच लागतो.

आपला जिल्हा न्यायाधीश अनुच्छेद २३३ खाली हायकोर्टाच्या सल्ल्याने राज्यपाल नेमतात, आणि तो हायकोर्टाच्या प्रशासकीय नियंत्रणाखाली असतो. एखादा कायदा अवैध आहे असं त्याला वाटलं तरी तो स्वतः तसं ठरवू शकत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११३ च्या परंतुकाप्रमाणे त्याने प्रकरण हायकोर्टाकडे पाठवायचं असतं. म्हणजे डीजे-१ साहेबांनी तसं केलं तर चालणार नाही. कामाच्या दृष्टीने जॉन्सन यांची तुलना औरंगाबाद खंडपीठात अनुच्छेद २२६ खाली रिट ऐकणाऱ्या न्यायमूर्तींशी करा. फरक इतकाच की आपल्याकडे रिट बहुतेक शपथपत्रांवर चालतं. तिथे साक्षी, उलटतपास आणि तज्ज्ञांचा पुरावा त्याच कोर्टात होतो. जॉन्सन यांच्या आदेशांत जे बारीक आकडे दिसतात ते या पुराव्यातून आलेले आहेत.

त्यांच्यापुढचे नागरी हक्कांचे दावे बहुतेक ४२ यू.एस.सी. (अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यांची संहिता) कलम १९८३ खालचे. राज्याच्या अधिकाराच्या आडून कुणी घटनेतला हक्क हिरावला, तर त्याच्याविरुद्ध थेट फेडरल कोर्टात जायची वाट. हे कलम आधी वाचा. जेमतेम दोन वाक्यांचं आहे.

---

कायदावाचक_औरंगाबाद:

वरच्या उत्तरात एक भर घालतो. त्या काळी राज्याचा कायदा रोखायचा असेल तर एकटा न्यायाधीश बसत नसे. २८ यू.एस.सी. २२८१ खाली तीन न्यायाधीशांचं कोर्ट बसायचं, आणि त्यावर अपील मधलं सर्किट कोर्ट (म्हणजे फेडरल अपील कोर्ट) वगळून थेट सुप्रीम कोर्टात. हे कलम १९७६ मध्ये रद्द झालं. आता तीन न्यायाधीश मुख्यतः मतदारसंघांच्या फेररचनेच्या दाव्यांपुरते उरलेत. हे माहीत नसलं की विद्यार्थी ‘सर्किट कोर्टाचा निकाल सापडत नाही’ म्हणून दोन दिवस घालवतात. तो निकाल मुळात झालेलाच नसतो.

कारकीर्द थोडक्यात. जन्म १९१८, हेलीव्हिल, अलाबामा. १९४३ ला अलाबामा विद्यापीठातून वकिलीची पदवी. जॉर्ज वॉलेस, पुढे अलाबामाचे गव्हर्नर झालेले आणि ज्यांच्याशी अर्धं आयुष्य झुंजावं लागलं, ते तिथलेच सहाध्यायी. महायुद्धात नॉर्मंडीनंतरच्या लढाईत जखमी. १९५३ ते १९५५ नॉर्दर्न डिस्ट्रिक्टचे सरकारी वकील. ऑक्टोबर १९५५ मध्ये आयझेनहॉवर यांनी नेमलं, सिनेटची मंजुरी जानेवारी १९५६ ची. वय ३७. १९६६ पासून मुख्य न्यायाधीश. १९७९ ला कार्टर यांनी पाचव्या सर्किटच्या अपील कोर्टावर नेमलं. १९८१ ला ते सर्किट दुभंगल्यावर अकराव्यात गेले. निधन १९९९. मधे १९७७ मध्ये एफबीआयच्या संचालकपदासाठी नाव पुढे आलं होतं, ते तब्येतीमुळे मागे घेतलं. १९६७ मध्ये त्यांच्या आईच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. तरी त्यानंतर तब्बल बारा वर्षं ते त्याच शहरात, त्याच कोर्टात बसले. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

आता बसचा निकाल. ब्राउडर विरुद्ध गेल, १४२ एफ. सप. ७०७ (‘एफ. सप.’ म्हणजे फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टांच्या निकालांचे छापील खंड), ५ जून १९५६. मॉन्टगोमेरीच्या बसमध्ये गोऱ्या आणि कृष्णवर्णीयांना वेगळं बसवणारे कायदे यात घटनाबाह्य ठरले. इथे तीन चुका हमखास होतात.

बसमधली जागा सोडायला नकार दिल्याने अटक झालेल्या रोझा पार्क्स या दाव्यात वादी नव्हत्या. त्यांच्यावरचा खटला राज्याच्या कोर्टात अडकलेला होता, आणि फेडरल दाव्याला तो चिकटू नये म्हणून वकील फ्रेड ग्रे यांनी त्यांना मुद्दाम बाहेर ठेवलं. वादी होत्या ऑरेलिया ब्राउडर, सुझी मॅकडोनाल्ड, क्लॉडेट कोल्विन आणि मेरी लुईस स्मिथ. कोल्विन आणि स्मिथ तेव्हा विशीच्या आतल्या होत्या.

दुसरी चूक म्हणजे हा निकाल जॉन्सन यांनी लिहिला असं लिहिणं. लिहिला रिचर्ड राइव्ह्ज यांनी. जॉन्सन त्यांच्या बाजूने बसले म्हणून २ विरुद्ध १ झालं. प्रत्येक निकालाच्या माथ्यावर कुणाचं नाव आहे ते बघा. ‘पर क्युरियम’ (लेखकाच्या नावाशिवाय, सगळ्या कोर्टाच्या नावाने) असेल तर कुणा एकाच्या नावावर घालू नका.

तिसरी चूक, सेबर्न लिन यांचं विरोधी मत न वाचता सोडून देणं. कायद्याच्या विद्यार्थ्याला खरी मेजवानी तिथेच आहे. ते म्हणतात, १८९६ चा प्लेसी निकाल (वेगळ्या पण समान सोयी चालतात असं म्हणणारा) सुप्रीम कोर्टाने प्रवासी वाहनांपुरता अजून उघडपणे रद्द केलेला नाही, वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा ब्राउन निकाल शाळांपुरता आहे, मग खालच्या कोर्टाने प्लेसी पाळलाच पाहिजे. राइव्ह्ज आणि जॉन्सन म्हणतात, नंतरच्या निकालांनी प्लेसीचा पायाच काढून घेतलाय. आपल्याकडे अनुच्छेद १४१ वर (सुप्रीम कोर्टाने सांगितलेला कायदा खालच्या कोर्टांवर बंधनकारक) हाच वाद रोज चालतो. बहुमताचं मत बरोबर होतं असं मला ठाम वाटतं, पण लिन यांचा मुद्दा खोडून काढल्याशिवाय तसं लिहू नका. सुप्रीम कोर्टाने १३ नोव्हेंबर १९५६ ला निकाल कायम केला.

---

गोदाकाठ_नांदेड:

दोघांचेही आभार सर. सेल्माच्या मोर्चाबद्दल सांगाल का? आपल्याकडच्या जमावबंदीच्या आदेशांशी तुलना करावी असं डोक्यात आहे.

---

परभणी_वकील:

विल्यम्स विरुद्ध वॉलेस, २४० एफ. सप. १००, १७ मार्च १९६५. हा एकट्या जॉन्सन यांचा.

घटनाक्रम तारखांनिशी ध्यानात ठेवा. ७ मार्चला सेल्माच्या एडमंड पेटस पुलावर, मतदानाच्या हक्कासाठी मॉन्टगोमेरीकडे निघालेल्या सुमारे ६०० जणांच्या मोर्चावर लाठ्या आणि अश्रुधूर. लगेच दावा. ९ मार्चला जॉन्सन यांनी सुनावणी होईपर्यंत मोर्चालाच मनाई केली. हा भाग लोक विसरतात. ज्यांना मार बसला त्यांनाच आधी थांबवलं म्हणून त्यांच्यावर तेव्हा टीका झाली. त्या दिवशी मार्टिन ल्यूथर किंग पुलापर्यंत जाऊन परत फिरले. मग सुनावणी, साक्षी, आणि १७ तारखेला परवानगी. २१ ला मोर्चा निघाला, २५ ला मॉन्टगोमेरीत पोचला. अंतर ५४ मैल, म्हणजे सत्याऐंशी किलोमीटरच्या आसपास. जालना ते औरंगाबाद साठेक किलोमीटर धरा, त्याच्या दीडपट. तेही हायवे ८० सारख्या मुख्य रस्त्यावरून.

तत्त्व त्यांनी असं मांडलं की रस्त्यावर उतरण्याचा हक्क किती रुंद, हे ज्या अन्यायाविरुद्ध उतरायचं त्याच्या आकारावर ठरेल. सेल्मा परिसरात कृष्णवर्णीयांना मतदार नोंदणीपासून कसं अडवलं जात होतं याचे आकडे निकालात आधी येतात, रस्त्याचा प्रश्न नंतर. हा क्रम मुद्दाम आहे. अन्याय मोजल्याशिवाय रहदारीची अडचण तोलता येत नाही.

पण नुसतं तत्त्व सांगून थांबले नाहीत. वादींनी मुक्कामाच्या जागा, जेवण, पाणी, वैद्यकीय मदत यांची योजना कोर्टात दाखल केली, ती निकालाला जोडलेली आहे. रस्ता दोन पदरी होतो तिथे ३०० पेक्षा जास्त माणसं नकोत. चौपदरी रस्त्यावर मर्यादा नाही. आणि बंदोबस्त देण्याचा आदेश थेट राज्यालाच. वॉलेस यांनी खर्च परवडत नाही म्हटल्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी अलाबामाचं नॅशनल गार्ड आपल्या ताब्यात घेतलं. नावं सारखी आहेत, न्यायाधीशांशी नात्याचा संबंध नाही. प्रबंधात दोघांची पूर्ण नावं लिहा.

तुलनेसाठी हिंमतलाल शहा विरुद्ध पोलिस आयुक्त, सुप्रीम कोर्ट, १९७३ घ्या. नियमन करा, पण सार्वजनिक रस्त्यावर सभेचा हक्क अधिकाऱ्याच्या मर्जीवर टांगता ठेवू नका, असा त्याचा गाभा. जिल्ह्यात लागणारे आदेश बहुतेक महाराष्ट्र पोलिस अधिनियम कलम ३७ खालचे असतात. फौजदारी संहितेच्या जुन्या १४४ च्या जागी १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं १६३ आलंय. दोन्ही कलमं वेगळी आहेत, एकात कालवू नका.

---

लातूर_अभ्यासिका:

तुमचा विषय ‘संस्थांवर देखरेख’ आहे ना? मग बस आणि मोर्चा एकेका पानात आटोपा आणि सगळी ताकद वायट विरुद्ध स्टिकनीवर लावा. जॉन्सन यांचं सगळ्यात कष्टाचं काम ते आहे.

सुरुवात कशी झाली बघा. १९७० मध्ये सिगारेटवरच्या कराचं उत्पन्न घटलं. त्यावर चालणाऱ्या टस्कालूसाच्या ब्राइस मनोरुग्णालयातून कर्मचारी कमी केले गेले. रुग्ण सुमारे ५,०००. कर्मचारी आणि रुग्णांचे पालक कोर्टात आले, ते नोकऱ्यांसाठी. कपातीचा प्रश्न बाजूला पडला आणि मागे उरला तो रुग्णांचा प्रश्न. १२ मार्च १९७१ चा आदेश (३२५ एफ. सप. ७८१) एवढंच म्हणतो. तुम्ही माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध, खटल्याशिवाय, उपचारासाठी म्हणून कोंडता. उपचार दिले नाहीत तर कोंडण्याचा आधारच संपतो.

राज्याला सहा महिने दिले. डिसेंबर १९७१ मध्ये जॉन्सन यांनी बघितलं तर राज्य कमी पडलेलं. मग १९७२ च्या सुरुवातीला सुनावणी, आणि १३ एप्रिल १९७२ ला निकष. ब्राइससाठी ३४४ एफ. सप. ३७३, मतिमंदांच्या पार्टलो शाळेसाठी ३४४ एफ. सप. ३८७.

निकाल वरवर चाळून परिशिष्ट सोडू नका. परिशिष्ट हाच निकाल आहे. एका खोलीत सहापेक्षा जास्त रुग्ण नकोत, प्रत्येकामागे ८० चौरस फूट जागा. एकट्याची खोली असेल तर १०० चौरस फूट. आठ रुग्णांमागे एक संडास, आणि खाजगीपणासाठी प्रत्येक संडासाला आडोसा. सहांमागे एक बेसिन, पंधरांमागे एक शॉवर किंवा टब. दर २५० रुग्णांमागे २ मानसोपचारतज्ज्ञ, ४ इतर डॉक्टर, १२ नोंदणीकृत परिचारिका. प्रत्येक रुग्णाचा वेगळा उपचार आराखडा. संस्थेच्या झाडलोटीला रुग्णांना जुंपायचं नाही. कुणी आपखुशीने काम केलं तर किमान वेतन.

संडासाला आडोसा हवा हे घटनेच्या नावाने लिहून द्यावं लागलं, यावरून तिथली स्थिती काय असेल ते ओळखा.

हे आकडे न्यायाधीशांनी मनाने घातलेले नाहीत. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन, केंद्राचं न्याय खातं अशा संस्थांना कोर्टाचे मित्र म्हणून बोलावलं. दोन्ही बाजू आणि हे मित्र एकत्र बसले, आणि बरेचसे निकष सहमतीने ठरले. जिथे मतभेद होता तिथेच कोर्टाने निर्णय दिला. तुमच्या प्रबंधाला हा मुद्दा सोन्यासारखा आहे. ‘न्यायाधीशाला दवाखाना चालवण्यातलं काय कळतं?’ या आक्षेपाचं उत्तर निकालातच आहे. देखरेखीसाठी प्रत्येक संस्थेत मानवी हक्क समिती नेमली. पैसा नाही ही सबब ऐकली नाही.

आणि कुठे अडलं तेही लिहा. आकडे मोजता येतात, उपचाराचा दर्जा मोजता येत नाही. राज्याने रुग्णसंख्या कमी केली, पण बाहेर गेलेल्यांची सोय गावोगावी उभी करणं फार रेंगाळलं. दावा संपला डिसेंबर २००३ मध्ये, न्यायाधीश मायरन थॉम्पसन यांच्यापुढे. तेहेतीस वर्षं!

आपल्याकडची जोड म्हणजे राकेशचंद्र नारायण विरुद्ध बिहार राज्य, रांचीजवळच्या कांके इथल्या मनोरुग्णालयाचं प्रकरण. तिथेही सुप्रीम कोर्टाने व्यवस्थापन समिती बसवली. शिवाय मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ ची कलमं १८ आणि २० वायटच्या परिशिष्टाशेजारी ठेवून वाचा. महाराष्ट्रात वर्षानुवर्षं प्रादेशिक मनोरुग्णालयं चारच, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. नांदेडच्या किंवा हिंगोलीच्या कुटुंबाला यातलं कुठलंच जवळ नाही. कलम १८ मधला ‘उपलब्धते’चा हक्क मराठवाड्यात काय अर्थाचा, यावर एक प्रकरण नक्की होईल. करा ते.

---

कायदावाचक_औरंगाबाद:

उलटवलेल्या निकालांबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून हे.

सगळ्यात बोचणारा गोमिलियन विरुद्ध लाइटफूट. १९५७ मध्ये अलाबामा विधिमंडळाने टस्कीगी शहराची चौकोनी हद्द बदलून २८ बाजूंची केली. ४०० कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच सोडून सगळे हद्दीबाहेर गेले, गोरा एकही नाही. जॉन्सन यांनी १९५८ मध्ये दावा फेटाळला, कारण नगराची हद्द ठरवणं विधिमंडळाचं काम, कोर्टाला त्यात शिरायचा अधिकार नाही. सर्किट कोर्टाने कायम केला. १९६० मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने फिरवला. तो फिरल्यावर तेच जॉन्सन १९६२ मध्ये सिम्स विरुद्ध फ्रिंकच्या पीठावर बसले. १९०१ नंतर फेररचनाच न झालेले मतदारसंघ तिथे घटनाबाह्य ठरले, आणि तो निकाल १९६४ ला रेनॉल्ड्स विरुद्ध सिम्स म्हणून कायम झाला. हे दोन्ही शेजारी ठेवले की माणूस कुठून कुठे आला ते दिसतं.

तुरुंगांचा पघ विरुद्ध लॉक (४०६ एफ. सप. ३१८, १९७६) गाभ्यात टिकला, पण अपिलात मानवी हक्क समिती काढून टाकली गेली. राज्याला थेट प्रतिवादी करणंही सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये अमान्य केलं, अधिकाऱ्यांविरुद्धचा आदेश राहिला. म्हणजे वायटमधलं साधन तुरुंगात तसंच्या तसं चाललं नाही. देखरेखीवरच्या प्रबंधात हा फरक आलाच पाहिजे.

उलट बाजूही आहे. फ्रॉन्टिएरो प्रकरणात, म्हणजे हवाई दलातल्या स्त्री अधिकाऱ्याच्या पतीला भत्ता नाकारला तेव्हा, १९७२ ला जॉन्सन एकटे विरोधात होते. पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने ८ विरुद्ध १ अशी त्यांची बाजू घेतली. अकराव्या सर्किटवर असताना १९८५ मध्ये हार्डविक विरुद्ध बॉवर्सचा समलैंगिक संबंधांच्या बाजूचा निकाल त्यांनी लिहिला. १९८६ ला तो फिरवला गेला, आणि २००३ च्या लॉरेन्स विरुद्ध टेक्सस या सुप्रीम कोर्टाच्या निकालात तो फिरवणाराच निकाल रद्द झाला. म्हणून ‘फिरवला’ एवढ्या नोंदीवर थांबू नका, पुढची नोंद काढा.

---

गोदाकाठ_नांदेड:

खूपच मदत झाली. लातूरच्या ताईंचं खास. वायटचे १९७४ नंतरचे आदेश मात्र ‘वायट विरुद्ध स्टिकनी’ नावाने शोधून मिळत नाहीत. आणि हे सगळं मोफत कुठे मिळेल?

---

लातूर_अभ्यासिका:

नाव बदलत जातं म्हणून मिळत नाही. स्टिकनी हे मानसिक आरोग्य खात्याचे आयुक्त होते. पदावरचा माणूस बदलला की फेडरल दिवाणी नियम २५(ड) प्रमाणे नवा माणूस आपोआप प्रतिवादी होतो. त्यामुळे तोच दावा पुढे वायट विरुद्ध अॅडरहोल्ट, किंग, रॉजर्स, सॉयर अशा नावांनी येतो. नावाऐवजी दाव्याच्या नंबरने शोधा, ३१९५-एन. ली विरुद्ध मेकन काउंटी या, गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या वेगळ्या शाळांविरुद्धच्या दाव्यात अडचण उलटी आहे. नाव तेच, पण छापील आदेश अनेक. तुम्हाला ९९ शाळा-यंत्रणांना एकाच वेळी लागू झालेला १९६७ चा हवा, २६७ एफ. सप. ४५८. त्यात राज्याने स्वतः टस्कीगीची शाळा बंद पाडायला पोलिस पाठवले, हाच ‘शाळांवर राज्याचा ताबा आहे’ याचा पुरावा ठरला.

मोफत म्हणाल तर कोर्टलिसनर, जस्टिया आणि गूगल स्कॉलरचा केस लॉ विभाग. तिन्हीकडे संदर्भ टाकला की निकाल उघडतो, पण परिशिष्ट पूर्ण आहे का ते शेवटपर्यंत जाऊन बघा. कारकिर्दीच्या तारखांसाठी फेडरल ज्युडिशियल सेंटरची न्यायाधीशांची चरित्रसूची वापरा, वर्तमानपत्री मृत्युलेख नको.

आज रात्री एकच वाचायचं असेल तर वायट विरुद्ध अॅडरहोल्ट वाचा, ५०३ एफ.२डी १३०५ (‘एफ.२डी’ म्हणजे अपील कोर्टांच्या निकालांचे खंड), पाचवं सर्किट, १९७४. राज्याचा युक्तिवाद असा होता की मनोरुग्णालयाचं मुख्य काम रुग्णाला बरं करणं नाहीच, त्याला सांभाळण्याचं ओझं घरच्यांच्या डोक्यावरून उतरवणं आहे. अपील कोर्टाने तो कसा खोडला ते परिच्छेदनिहाय उतरवून घ्या. हा युक्तिवाद आपल्याकडे कुणी लेखी करत नाही, पण रुग्णाला सोडून परत जाणाऱ्या नातेवाइकांच्या तोंडून आणि भरती करून घेणाऱ्यांच्या वागण्यातून तो रोज ऐकू येतो.